बाबांच्या एकनळीचा नेम

७ जून २००९, रविवार
बाबांची एकनळी बंदूक लायसनसकट माझ्या नावावर झाली. मधून मोडायची, एक काडतूस घालायचं, बंद करायची. एका वेळी एकच बार, म्हणजे नेम अचूक पाहिजे. धाकटा भाऊ मनोज म्हणतो, पडघ्याचं शेत गोडाऊनवाल्याला देऊन टाकू, दोन वर्षं सगळं भात रानडुकरंच खातात. कमळ गप्प बसली. बायको गप्प बसली म्हणजे तिचंही तेच मत. शेवटी ठरलं, यंदा भात घरात आलं तर शेत राहील, नाहीतर विक्रीच्या कागदावर सही. मी म्हटलं, डुकरांचं माझ्यावर सोपवा. फॉरेस्टच्या परवानगीचा अर्ज टाकलाय. बाबा होते तोवर एक लोंबी जात नव्हती, ती या बंदुकीच्या जोरावर.
बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मला तसं काही वाटत नाही. ड्युटी असते.

१४ जून
ट्रायल. वीस पावलांवर तेलाचा रिकामा डबा. दहापैकी तीन काडतुसं उडवली. डबा जसाच्या तसा. शेत कसणारा काळूराम म्हणाला, पलीकडच्या सागाला लागलं. दोष बंदुकीत आहे. सुधारणा करणे.

२१ जून
नळीत गंज. बाबांच्या जुन्या धोतराची चिंधी खोबरेलात बुडवून नळीत घातली. अडकली. कमळनं छत्रीच्या काडीनं काढली.

१९ जुलै
बिजागरी ढिली वाटते. शांतीनगरच्या इश्तियाक मिस्त्रीकडे गेलो. कापडाच्या लूमचा कुठलाही पार्ट डोळे मिटून बसवतो. त्यानं नळीतून उजेडाकडे पाहिलं. "भाई, नली एकदम सीधी है. आप चष्मा बनवा लो." लूमवाल्याला बंदुकीतलं काय कळणार. घरी येऊन थंड्याच्या कॅनचा पत्रा कापला आणि बिजागरीत स्वतः बसवला. आता बंदूक बंदच होत नाही.

२ ऑगस्ट
पत्रा काढला. खरं कारण सापडलं. पावसाळी हवेनं नळीखालचं लाकूड फुगतं आणि नळीला ढकलतं. कानस मारली, जरा जास्त लागली, एमसील भरलं. काळूरामनं भातरोपांची आवणी एकट्यानं उरकली. मी जाणार होतो. एमसील सुकत होतं.

१६ ऑगस्ट
चार काडतुसं. चौथ्याला डबा पडला. काळूराम म्हणाला वारा होता. असो. प्रगती आहे.

१ सप्टेंबर, मंगळवार
इलेक्शनची आचारसंहिता लागली. सगळ्या लायसनवाल्यांनी बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायच्या. हवालदारानं पावती दिली. लोंब्या आता भरतील आणि बंदूक लॉकअपमध्ये. आपलं नशीबच असं.

१३ सप्टेंबर
पडघ्याच्या पीसीओवरून काळूरामचा फोन. डुकरं बांधापर्यंत आलीत, या. म्हटलं, बंदुकीशिवाय येऊन काय करू? तो पुन्हा म्हणाला, तुम्ही या तरी. फोन कट झाला.

२० सप्टेंबर
घरी छत्रीनं सराव. श्वास रोखून धरणे महत्त्वाचं. कमळ म्हणाली, त्यापेक्षा शेतावर जाऊन बसा. तिला टेक्निकल बाजू कळत नाही.

४ ऑक्टोबर
अर्धं भात गेलं. मनोजला आचारसंहितेचं सांगितलं. तो म्हणाला, इलेक्शन काय यंदाच आलं का.

१३ ऑक्टोबर
मतदान केलं. काळूरामचा परत फोन. उचलला नाही. मानकोलीच्या गोडाऊनात डबल शिफ्ट होती.

२९ ऑक्टोबर
बंदूक परत मिळाली.

१ नोव्हेंबर, रविवार
शेतावर गेलो. डबा लावला. उरलेली तीन काडतुसं. तिन्ही डब्याला लागली. तिन्ही! भात उरलं नव्हतं, सगळं तुडवलेलं. काळूराम त्यातून गुरांसाठी पेंढा वेचत होता. त्याला म्हटलं, बघ, आता बाबांसारखा नेम जमला.
तो उभा राहिला. "बाबांनी आमच्यादेखत कदी बार काढला न्हाय. मोतीबिंदू होता त्यांना, डबासुदा दिसला नसता. सांज झाली का माचावर येऊन बसायचे आन खोकायचे. इलेक्शनला बंदूक जमा असली तरी यायचे. मानूस हाय येवढं डुकराला कळलं का बास."
मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?
"सांगितलं की. या म्हटलं."
तो पेंढा घेऊन गेला. मी राखणीच्या माचावर चढलो. बांबू एका बाजूला बसून बसून झिजून गुळगुळीत झालाय. तिथे बसलो. खोकून पाहिलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग मनोज कागद घेऊन बांधावर आला. सही कुठे करायची ते त्यानं बोटानं दाखवलं. तिथेच केली.