वारा समोरूनच होता

३ मार्च
रत्नागिरीजवळ गावी, घरी. ही विश्रांती नाही, अभ्यासाची रजा आहे. गेल्या महिन्यात सोलो फ्लाइटवर इंजिन बंद पडलं आणि मी विमान आमच्याच गावावरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर उतरवलं. मला खरचटलंसुद्धा नाही. इन्स्ट्रक्टर कॅप्टन सरदेसाई म्हणतात, मी पाठवाऱ्यात, म्हणजे वारा पाठीवर घेऊन उतरले. चूक मान्य कर, मग पुन्हा एकटीला उडू देतो. नाहीतर दुसरं काम बघ. मुदत महिनाअखेर. मी त्यांना पुरावाच देणार आहे. आठवडा पुरेल.

४ मार्च
तर्क सोपा आहे. विमानतळ नसेल तिथे वारा कुठून आहे हे सांगायला कुणी नसतं. धूर बघायचा. खाली भातखाचरात भाजावळ चालली होती. जळत्या पाल्याचा धूर समुद्राकडे झुकलेला, म्हणजे वारा जमिनीकडून. म्हणून मी समुद्राच्या बाजूने आत आले, वाऱ्याला तोंड देऊन. पाठवारा असता तर विमान सड्याच्या टोकाचा दगडी गडगा फोडून काजूच्या बागेत गेलं असतं. गणित करून पाहिलं. प्रत्यक्षात ते अलीकडेच थांबलं. विमानाचं नाक आणि गडग्याचे दगड यांत माझा हात जेमतेम मावला. म्हणजे वारा समोरून. सिद्ध.

गुरव धोंडूआबांचं गणित वेगळं. गडग्यापलीकडे गावाच्या राखणदार देवाचा दगड आहे. त्यानेच विमान अडवलं, आणि मी अजून नारळ दिलेला नाही. "कुणाच्या अंगणात न इचारता उतरलीस, बाय?" इमर्जन्सीत परवानगी लागत नाही, असं मी सांगितलं. "मग मागाहून तरी सांगशील की नाय?"

७ मार्च
दुपारी लाइट गेली. पंखा हळू होत थांबला. मी उठून खिडकीतून मोकळी सपाट जागा शोधत होते. रिफ्लेक्स आहे. भीती नाही.

९ मार्च
प्रयोग. विमान उतरवलं त्याच वेळी सड्यावर ओला पाला पेटवला. खाचरातला धूर समुद्राकडे. माझा धूर जमिनीकडे. आजचा दिवस अपवाद.

१० मार्च
अपवाद.

१३ मार्च
सलग अपवाद. आई शाळेत भूगोल शिकवते. कोकम भिजत घालता घालता म्हणाली, ऊन चढलं की सड्यावर खारे वारे सुरू होतात, खाली सावलीत मतलई अजून रेंगाळत असतात. "तुला मीच शिकवलं होतं. मार्कही बरे पडले होते." पाठ्यपुस्तकात सरासरी दिलेली असते, असं मी म्हटलं. तिने विचारलं, सोलकढीत मिरची सरासरी घालू की नेहमीसारखी.

१६ मार्च
प्रयोग सड्याच्या अलीकडच्या टोकालाच करते आहे. गडग्यापर्यंत जायची गरज नाही. बाजारात जाताना सड्यावरची वाट सोडून खालच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी गेले. लांब पडते, पण सावली आहे.

१८ मार्च
अडचण. वारा समुद्रावरून होता असं क्षणभर धरलं, तर विमान काजूत हवं. ते काजूत गेलं नाही. म्हणजे एक तर माझं बरोबर, नाहीतर दुसरी शक्यता. दुसरी लिहीत नाही. ब्रेक, उतार, कातळाचा खडबडीतपणा, सगळं धरून पुन्हा गणित केलं. काजूतच.

शेवटच्या क्षणी कुणीतरी मागून शेपटी धरल्यासारखं वाटलं होतं.

वरचं वाक्य खोडायचं आहे.

२१ मार्च
गडग्यापर्यंत गेले. चाकांचे काळे पट्टे अजून आहेत. सरळ येतात आणि संपतात. घसरल्याची खूण नाही. मी पट्ट्यांच्या टोकाला, विमान उभं होतं तशीच उभी राहिले. खारा वारा पाठीवर. ओढणी गडग्याच्या दिशेने ताठ. गडग्यापलीकडे, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ, काजूचं पानही हलत नव्हतं. समोरून बघत असल्यासारखी सगळी झाडं स्तब्ध.

नोंद घेतली. परत आले. धावत नाही, भरभर.

२४ मार्च
आईच्या समाधानासाठी नारळ द्यायचं ठरवलं. नारळ म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला आधीच स्पष्ट केलं. दगडापाशी वाडीतली चार माणसं जमली. धोंडूआबांनी गाऱ्हाणं घातलं: "बा राखणदारा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान् खारा वारा पाठीवर घेतलान् नि तुझ्या सड्यावर इमान उतरवलान्. चुकलां असंल तां पोटात घाल, नि पुढं वारा तोंडावर दे रे म्हाराजा!"

पहिल्या वाक्यालाच माझी हरकत होती. पण गाऱ्हाण्यात मध्येच हरकत घेता येत नाही. शेवटी सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. "व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा निघाला. लहानपणापासूनची सवय. आई मोबाइलवर शूट करत होती. खाऱ्या वाऱ्याचं तिनेच आबांना सांगून ठेवलं होतं, हे नंतर कळलं.

२५ मार्च
कॅप्टन सरदेसाईंचा मेसेज. आईने त्यांना व्हिडिओ पाठवला आहे. "पाठवाऱ्याबद्दल तुझं 'व्हय म्हाराजा' अगदी स्पष्ट ऐकू येतंय. सोमवारी ये."

धार्मिक प्रतिसाद म्हणजे तांत्रिक कबुली नव्हे, असं सविस्तर उत्तर लिहिलं. डिलीट केलं. "येते" एवढंच पाठवलं.

बॅग भरण्याआधी गणित शेवटचं एकदा केलं. विमान काजूतच.

नारळाची अर्धी वाटी बॅगेत वरच ठेवली आहे. वाटेत खायला.