वरची ओळ

४ फेब्रुवारी

खोकं फोडलं आणि डोक्याला हात लावला! कळफलक रोमन. फक्त रोमन. भाषांच्या यादीत आपल्या भाषेचं नाव आहे — ते निवडलं तर अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी.

सात महिने या यंत्राची वाट पाहिली. नसांच्या आजारात ताईचे आधी हात गेले, मग जीभ. राहिले ते डोळे. यंत्राच्या पडद्याखाली कॅमेरा आहे, तो तिची नजर पकडतो. एखाद्या अक्षरावर सेकंदभर रोखून पाहिलं की ते दाबलं जातं. वाक्य झालं की यंत्र मोठ्याने बोलतं. एवढं सगळं जमतं, आणि आपलं एक अक्षर नाही!

दाजी म्हणाले, "रोमनमध्ये लिहील की. सगळे लिहितात हल्ली." सगळे लिहितात, माझी बहीण नाही लिहीत. छप्पन्न वर्षांची बाई. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढण्यात आयुष्य गेलं, फोनवर कधी एक ओळ लिहिली नाही. "काय ते बोल" म्हणायची. आता तिने डोळ्यांनी स्पेलिंगं जुळवत बसायचं?

६ फेब्रुवारी

कंपनीच्या मदतकेंद्राचं उत्तर : "आपली भाषा उपलब्ध आहे." मी चौकटींचा फोटो पाठवला. तासाभरात दुसरं उत्तर : "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." भीक नको पण कुत्रं आवर!

सगळ्यात वाईट म्हणजे अशी उत्तरं मीही पाठवली आहेत. अकरा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. पलीकडे कुणी असं बसलं असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

९ फेब्रुवारी

डॉक्टरबाई येऊन गेल्या. श्वासाचा आकडा पुन्हा घसरलाय. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची आणि श्वासाचं मशीन कायमचं लावायचं — तसं केलं तर ती वर्षानुवर्षं जगू शकेल. नाही केलं तर काही महिने. मध्येच छातीत कफ झाला तर तेवढेही नाहीत. "निर्णय त्यांचा. मार्चअखेर मला हवा."

ताईला विचारलं. वर पाहिलं की हो, खाली पाहिलं की नाही, डोळे मिटले की मला बोलायचं नाही — अशी आमची खूण आहे. ताईने डोळे मिटले. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मिटले.

डॉक्टरबाई निघताना म्हणाल्या, "उत्तर हो-नाहीत बसत नसेल त्यांचं."

मला मात्र एकच उत्तर हवंय. लिहूनच ठेवते. हो म्हण गं!

१० फेब्रुवारी

आज अक्षरांचा कागदी तक्ता घेऊन बसले. मी ओळीओळीवरून बोट फिरवायचं, तिने हवं तिथे वर पाहायचं. 'पा' आलं. मी म्हटलं, "पाणी? पाठ? पाय दुखतोय?" तिने डोळे मिटले. पुन्हा सुरुवात. 'का' आलं. "काढू? कान? काय झालं?" मिटले. संपला तक्ता.

दाजी म्हणाले, "तू तिला पुरं करू देत नाहीस." अहो, ती दमते म्हणून! माझ्या घराला कुलूप घातलं, नोकरी सोडली, जूनपासून तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपते, ते काय हौस म्हणून?

बोलले नाही असं. इथेच लिहिलं.

१४ फेब्रुवारी

जुन्या ऑफिसातल्या फॉन्टवाल्याला फोन केला. बरा माणूस आहे, उपदेश करत नाही. त्याने एक फाइल पाठवली. चौकटी जाऊन अक्षरं आली! पण कशी? वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली, जोडाक्षरं फुटून पायमोडकी, रफार हवेत. ताईने ते पाहिलं आणि नाकातून हवा सोडली. हसली ती! हे हसू मला ओळखता येतं.

१९ फेब्रुवारी

नाकी नऊ आले, पण अक्षरं जागेवर बसली. फॉन्टवाला म्हणाला, "रोमनची सव्वीस, आपली किती ते मोज." सगळी एका पडद्यावर मांडली तर चौकटी इतक्या बारीक की नजर शेजारच्या अक्षरावर पडते. मग गट केले. आधी गट निवडायचा, मग त्यातलं अक्षर, मग काना-मात्रा. वेळखाऊ आहे, पण चुकत नाही.

२१ फेब्रुवारी

"खाज."

चार मिनिटं लागली. मी विचारलं, कुठे? आणखी सात मिनिटांनी — "नाक."

मी तिचं नाक खाजवलं आणि रडले. सात महिन्यांत तिने मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

२३ फेब्रुवारी

दोन शब्दांना अकरा मिनिटं! तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, तासाभराने नजर हलतच नाही. असं चाललं तर नळीबद्दल ती कधी सांगणार? पडद्यावर सगळ्यात वर एक ओळ करते, सुचवलेल्या शब्दांची. एक शब्द निवडला की पुढचा आपोआप हजर.

२५ फेब्रुवारी

तयार शब्दसंग्रह घातला तर तो सगळा वर्तमानपत्री. ताईने 'प' निवडला की यंत्र सुचवतं — प्रशासन, प्रकल्प, पत्रकार परिषद. बाईला पाणी हवंय आणि हे परिषद भरवतायत!

घरगुती बोलणं आणायचं कुठून? ताईने तर काहीच लिहिलेलं नाही. मग माझ्या फोनमधले नऊ वर्षांचे मेसेज काढले आणि सगळे यंत्राला पाजले.

२७ फेब्रुवारी

बोलली! दाजी समोर उभे होते. यंत्र म्हणालं, "काळजी करू नकोस." मग, "दमला असशील ना." दाजी खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मी फॉन्टवाल्याला लगेच फोन करून सांगितलं.

४ मार्च

रोज काही ना काही बोलते. सकाळी येणाऱ्या नर्सला "थँक यू". मला "जेवलीस का". नर्स म्हणते, किती गोड आहेत तुमच्या ताई.

गोड! ही बाई रक्त काढताना माणसाशी तीन शब्द बोलायची — "हात. मूठ. झालं." थँक यू तर तिने सख्ख्या आईला म्हटलं नसेल. आजारपणाने माणूस मऊ होतो म्हणतात, ते खरं असावं.

१० मार्च

डॉक्टरबाईंनी समोर उभं राहून नीट विचारलं. नळी घालायची का? यंत्र म्हणालं, "हो चालेल. काळजी करू नकोस."

मी ताईच्या गळ्यात पडले. सव्वीस तारीख ठरली. ताईने डोळे गच्च मिटून घेतले. तिलाही भरून आलं असणार.

१२ मार्च

झालं तसं लिहिते.

नर्स ताईला अंघोळ घालत होती. पडदा पुसून झाल्यावर तो चालतो का बघायला मी ताईच्या खुर्चीत बसले. दाजी दारातून आत आले, "गोळ्यांची वेळ काय गं?" मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं — आणि यंत्र बोललं, "हो चालेल."

मी काही निवडलं नव्हतं. नुसतं दाजींकडे पाहिलं होतं.

त्यांना पुन्हा तिथेच उभं केलं. पाहिलं. "काळजी." पाहत राहिले. "करू नकोस." आठ वेळा करून बघितलं, आठही वेळा असंच काहीतरी. पडद्यामागे माणूस उभा राहिला की त्याचं तोंड पडद्याच्या जरा वर येतं. कॅमेऱ्याला वाटतं नजर वरच्या ओळीवर आहे. ओळीतला शब्द दाबला जातो, त्यामागे पुढचा, त्यामागे पुढचा.

ताई काहीच बोलत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती, आणि यंत्र माझे मेसेज वाचून दाखवत होतं. दोन आठवडे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी सख्ख्या बहिणीला दिला. ती डोळे मिटायची ते यंत्र थांबावं म्हणून. आम्हाला वाटायचं, भरून आलं.

१३ मार्च

यंत्र बंद केलं आणि विचारलं. "ते तू बोललीस?" खाली. "एखादं तरी वाक्य तुझं?" खाली. "डॉक्टरांना हो म्हणालीस, ते?" खाली.

"मग नळी नको तुला?"

डोळे मिटले.

१४ मार्च

गप्प बसले तर ताई जगते. सव्वीस तारखेला नळी बसेल, कुणाला काही कळणार नाही. कळणार फक्त तिला आणि मला. तिला सांगता येत नाही, मी सांगणार नाही.

हे मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे.

१५ मार्च

सांगितलं नाही.

१६ मार्च

दाजींना सांगितलं. ते भडकले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "कशाला खोदत बसतेस? ती हो म्हणाली. मला तेवढं पुरे!"

"हो ती म्हणाली नाही, दाजी. मी म्हणाले."

"मग तूच म्हणालीस असं समज. तुला काय, ती मरायला हवीय?"

मला काय हवंय ते त्यांना माहीत आहे.

१८ मार्च

डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "सव्वीसची वेळ मी राखून ठेवते. पण उत्तर त्यांचं आणा." दाजी माझ्याशी बोलत नाहीत. ताट समोर ठेवलं तर उठून जातात.

१९ मार्च

वरची ओळ काढून टाकली. माझे नऊ वर्षांचे मेसेजही पुसले. यंत्र भिंतीसमोर लावलंय, समोर कुणी उभं राहायचं नाही. मी ताईच्या पाठीमागे बसते. तिला माझं तोंड दिसत नाही, मला तिचं दिसत नाही.

तिने एकही अक्षर निवडलं नाही. का निवडावं? बोलायला गेली की दुसरंच कुणी बोलतं, एवढंच तिने पाहिलंय.

२१ मार्च

ताप आहे. छातीत घरघर. आज अर्धा तास पडदा बघितला तिने, एक 'न' निवडला आणि थांबली. न! नको? नाही? नळी?

तोंड हाताने दाबून धरलं. एक शब्द काढला नाही.

२२ मार्च

ताप एकशे दोन. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अशात घाईने नळी घालायची वेळ आली, तर त्यांना विचारायलाही वेळ मिळणार नाही." दाजी आज आपणहून माझ्याजवळ बसले. दोघंही नुसते भिंतीकडे बघत होतो. देवा, तिला एक वाक्य बोलू दे. कुठलंही. नको म्हणाली तरी चालेल — खोटं लिहिलं. चालणार नाही. पण ऐकेन.

२४ मार्च

ताप उतरला.

२५ मार्च

एक तास वीस मिनिटं. मी, दाजी, डॉक्टरबाई, तिघंही तिच्या पाठीमागे. मध्ये दोनदा थांबली, कुणी बोललं नाही. मग यंत्राने सगळं एकदम वाचलं —

"नळी घाला. पण आधी हिला तिच्या घरी पाठवा."

शेवटचा पूर्णविरामसुद्धा तिने शोधून दिला.