उपाशी पिंजऱ्याचा ट्रे

पिंपळगाव बसवंत,
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. सावळीरामकाका यांस,

रवीचा नमस्कार. थंडी फार आहे, जपून असा. डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत तुम्हाला वाचता येणार नाही, तेव्हा हे स्वराजकडून वाचून घ्या. तुमच्या लेकानेच ते वाचावं, असं मलाही वाटतं.

शेडचं ठीक आहे. तुम्हाला लागलं त्याला आज नऊ दिवस झाले. तुमच्या जागी अजून कोणी नाही, कोंबडे मीच धरतो. तुमच्या मांडीत कोंबडा गप्प बसायचा. माझ्या हातात पंख झोडतो. परवा एकाच्या गळ्यात नळी घातली, वरून सळईने खाद्य ढकललं आणि घाईत गळ्याखालची दाण्याची पिशवी फाटली. नळीतून रक्त वर आलं. माझ्या पायाशीच तडफडून मेला. शेडचे साहेब म्हणाले, "दुसरा घे."

स्वराज, मंगळवारी गेटवर माझं डोकं खांबावर आपटत तू विचारलंस, "असं काय मोजता रे तिथं, की म्हाताऱ्याचा जीव घ्यावा?" सांगतो. खाद्यातली किती ताकद पक्ष्याच्या अंगी लागते ते मोजतो. कोंबड्याला एक दिवस उपाशी ठेवायचं, मग तीस ग्रॅम खाद्य नळीने पोटात घालायचं. दोन दिवसांची विष्ठा वाळवून यंत्रात जाळायची. खाद्य जाळून किती उष्णता निघते आणि विष्ठा जाळून किती, मधला फरक पक्ष्याला मिळाला. सहा कोंबडे मात्र शेवटपर्यंत उपाशीच. रिकाम्या पोटी अंगातून काय निघतं, ते हिशेबातून वजा करायला. त्यांच्या पिंजऱ्याखालच्या विष्ठेच्या ट्रेमध्ये दाणा दिसला की अख्खी चाचणी फुकट.

तीन तारखेला त्या उपाशी कोंबड्यांच्या विष्ठेत चिकटलेला दाण्याचा चुरा दिसला.

काका, तुमच्या खिशात कायम बाजरी असते. उपाशी कोंबडे ओरडले की तुम्ही म्हणायचात, "गप रं मेल्यांनो, माझं बी पोट जळतंय." मला वाटलं, तुम्हीच टाकली. तिसऱ्यांदा चाचणी बुडाली होती, साहेबांनी सकाळीच सगळ्यांदेखत माझी लाज काढली होती. तुम्ही म्हणालात, "म्या नाय दिलं रं पोरा. आईची आण."

वर मी 'लागलं' असं लिहिलंय. लागलं नाही. मी मारलं. हातात होती त्याच सळईने. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तुम्ही आडव्या धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिथे थांबता आलं असतं. तुम्ही खाली बसलात, "रवी, पुरे," म्हणालात, आणि तिसरा मी तोंडावर मारला. मग पोलिसांना सांगितलं, काका ओल्या फरशीवरून घसरून पिंजऱ्यावर पडले. साहेबांनी मान डोलावली.

बुधवारी ती विष्ठा मी चाळणीत धुतली. बाजरीचा एक कण नाही. मक्याची टरफलं निघाली, आपल्याच रोजच्या खाद्यातली. एक तारखेला तुम्ही सुट्टीवर होतात. पहाटे सहाला खाद्याची भांडी काढायचं काम माझं. मी अकराला काढली आणि वहीत सहा लिहिले. कोंबड्यांचं पोट रिकामं झालंच नव्हतं.

आणि हे बुधवारी कळलं असंही नाही. भांडी उशिरा काढली हे मारतानाही मला ठाऊक होतं. तुम्ही आण घेतलीत तेव्हा ते डोक्यात आलं होतं. म्हणूनच तुमचं तोंड बंद करायचं होतं.

उद्या साहेबांचा माणूस कागद घेऊन येईल. तुम्ही घसरून पडलात, असं त्यावर टाइप केलंय. सही केलीत तर कामावर परत घेतो म्हणतील. सही करू नका. हे पत्र तुमच्या दारात ठेवून मी तसाच पोलीस ठाण्यात जातोय, सगळं सांगायला. साहेब मला जबाब फिरवायला लावू बघतील, त्यांना शेडचं नाव जपायचंय. तुमच्या जबाबाशिवाय माझं बोलणं टिकणार नाही.

जबाब घ्यायला येतील तेव्हा तुम्ही म्हणाल, "पोरगं हाय, जाऊ द्या." मी ओळखतो तुम्हाला. तसं म्हणू नका. तुम्ही सोडलंत तर मी परवा पुन्हा शेडवर असेन, आणि तुमच्या जागी आलेला माणूस माझ्यासमोर उभा असेल.

स्वराज, तू मारलंस त्याची तक्रार मी केलेली नाही. करणारही नाही.

काका, माझं नाव घ्या.

तुम्हाला मारणारा,
रवी