उलटा थीटा

घणसोली गाव,
एप्रिल १९८७

प्रिय सुचित्रा,

'प्रिय' लिहून दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच ठेवलं. दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही. कॉलेज सोडल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, आणि तूही माझी चौकशी केलेली नाहीस. त्याचा राग धरून बसलोय असं समजू नकोस. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ती मांडणी माझी होती. ती मी टेस्टमध्ये तुझ्या पेपरातून उतरवली नव्हती. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तिसऱ्या कुणालाही माहीत नाही. हे तू सगळ्यांसमोर बोलायला हवंस, एवढंच माझं म्हणणं आहे.

इथलं बरं चाललंय. रस्त्यापलीकडच्या कंपनीत पंपावर लागलोय. प्रेशर बघायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, गळलं तर फिटरला हाक मारायची. शेजारच्या मशीनवरचा बंडू मला 'इंजिनियरसाहेब' म्हणतो आणि चहा आणायला मलाच पाठवतो. परवा त्याची कॉलर धरली. सुपरवायझरने सोडवलं. बाबा म्हणाले, कॉलेजात डोकं फिरवलंस, इथं तरी थंड ठेव. डोकं थंड ठेवता आलं असतं तर मी आज तुझ्या बाजूच्या बाकावर असतो.

गौरीच्या सणाला तू आमच्याकडे जेवायला आली होतीस, आठवतं? बेलापूरहून निघताना तुझ्या आईने तुला कडक इस्त्रीची साडी नेसवली होती, आणि आमच्या अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या तिचा काठ शेणात गेला. तू रडवेली झालीस. माझ्या आईने काठ धुऊन दिला, आणि मग तुझा हात ओढून तुला फेरात घेतलं. 'ये गो पोरी, इंजिनियर झाली म्हनून काय नाचाचा नाय?' तुझी पावलं चुकत होती, बायका हसत होत्या, तूही हसत होतीस. मी ओट्यावरून बघत होतो. खरं सांगू? त्या दिवशी मी ठरवून टाकलं होतं. काय, ते आता लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आपण ती वाहत्या पाण्याच्या हिशोबाची कंटिन्युइटी इक्वेशन घेऊन बसलो. चौकोनी डब्याची तुला तोंडपाठ होती. एका बाजूने जेवढं पाणी आत आलं त्यातून समोरच्या बाजूने गेलेलं वजा केलं की आत साठलेलं उरतं. सिलिंड्रिकलमध्ये, गोल नळकांड्याच्या हिशोबात, मात्र तू प्रत्येक वेळी तेच करायचीस. आतली कडा आणि बाहेरची कडा सारखीच धरायचीस, आणि शेवटी एक पद गायब. पुस्तकात ते पद असायचं, तुझ्याकडे नसायचं. तू पेन फेकलंस. मी खडू घेतला आणि गच्चीवर आदल्या दिवशीचा फेर काढला. म्हटलं, बायका आतून बाहेर सरकतायत असं धर. पावलाचा वेग तोच आणि बायकाही तेवढ्याच, पण बाहेरचा फेर मोठा. मग दोघींमधलं अंतर वाढणारच, हात ताणले जाणारच. दोन्ही कडा सारख्या धरल्यास की तुझ्या हिशोबातून बायकाच नाहीशा होतात. म्हणून आरला, मध्यापासूनच्या अंतराला, वेगाबरोबर कंसात घ्यायचं, मग फरक काढायचा, आणि शेवटी सगळ्याला आरने भागायचं. तू खडूच्या फेरावरून बोट फिरवलंस, आणि म्हणालीस, 'शिवा, हे कुठल्याच पुस्तकात नाही.' त्या एका वाक्यावर मी दोन महिने हवेत होतो.

आमच्या आळीतला फेर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. म्हणून मी थीटाचा, कोन मोजायचा बाणही तसाच काढला. पुस्तकात तो उलट फिरतो. उत्तराला त्याने धक्का लागत नाही, कारण कोन उलटा धरला की त्या दिशेचा वेगही उलटतो आणि समीकरण होतं तसंच राहतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, तूही तसाच बाण गिरवलास. टेस्टमध्ये पन्नास पोरांचे बाण एकीकडे आणि आपल्या दोघांचे दुसरीकडे. त्याच बाणामुळे दिनानाथ सरांनी आपल्याला स्टाफरूममध्ये बोलावलं.

तिथलं सगळं मला पाठ आहे. सरांनी दोन्ही पेपर शेजारी ठेवले आणि मला विचारलं, 'हा उलटा थीटा कुठून आणलास? घणसोलीच्या खाडीतून?' दोन-तीन मास्तर हसले. तूही हसलीस. मोठ्याने नाही, तोंडावर रुमाल धरून, पण हसलीस. फेराचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते हसणं ऐकलं आणि आईचा नाच त्या टेबलावर मांडावासा वाटेना. मग सरांनी विचारलं, कुणी कुणाचं बघितलं? तू खाली बघत म्हणालीस, 'सर, तो माझ्या मागे बसतो.' बस, एवढंच. खोटं एक अक्षर नाही त्यात. मी तुझ्या मागेच बसत होतो, तुझी वेणी बघत. 'ठेवा तुमचं कॉलेज तुमच्यापाशी' म्हणून मी पेपर फाडला तेव्हा तू मान वर केली नाहीस. रिझल्टची, घरच्यांची भीती वाटली असेल. हे मी स्वतःला शंभरदा समजावलंय. भीतीने माणूस गप्प बसतं, सुचित्रा. हसत नाही.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. अभ्यास झेपला नाही म्हणून सोडलं, असं सांगितलं. ती अजून विचारते, 'तुझी ती मैत्रीन कवा येनार हाय? परीक्शा हाय का तिची?' मी हो म्हणतो.

आणि काल अरविंद घरी आला. आपल्या वर्गातला तोच, पण आता तुझा निरोप्या झालेला. शनिवारच्या गॅदरिंगमध्ये तू पाहुण्यांसमोर ही मांडणी करणार आहेस म्हणे, फेरासकट. दिनानाथ सरांना फार आवडली, 'किती ओरिजिनल' म्हणाले. ज्या खाडीला हसलात तीच आता स्टेजवर हवी. आणि प्रात्यक्षिकासाठी घणसोलीच्या बायका पाठव, असा तुझा निरोप, तोही मला नाही, माझ्या आईला. मी पंपावर होतो. घरी येईपर्यंत ती हो म्हणून बसली होती, आळीतल्या सात-आठ जणी गोळा केल्या होत्या, आणि तुला द्यायला म्हणून ट्रंकेतलं कोरं लुगडं काढून उन्हात टाकलं होतं. सून म्हणूनच बघते ती तुझ्याकडे. तुला हे ठाऊक नसेल असं म्हणू नकोस. मी तिला अडवणार नाही. माझं नाव घे असंही म्हणणार नव्हतो, पण ते खोटं झालं असतं. घे. माइकवरून घे, मास्तर बसले असताना घे. नाही घेतलंस तर मी बायकांना तिथूनच परत नेईन, आणि का, ते वाटेत आईला सांगेन. हे पत्र आधी पाठवतोय ते तुला धमकावायला नाही. स्टेजवर चढल्यावर आई आधी तुला शोधेल. तेव्हा तिचा चेहरा बघ, आणि मग काय बोलायचं ते ठरव.

अजून तरी तुझाच,
शिवा