कावीळ नव्हती ती

माय, तुझ्या ओठांचे कोपरे कायम चिरलेले असायचे आणि जीभ इतकी लाल, की साध्या वरणानेही डोळ्यांत पाणी यायचं. मी तेव्हा परभणीला नर्सिंग शिकत होते. आमच्या डॉक्टरांनी तुला तपासून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि मी तुला घेऊन पेडगावला आले. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलं होतं, एसटी बंद पडल्या, मी घरीच अडकले. बरंच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू परसातून भिंत धरत आलीस. "बाई, मला कावीळ झाली. लघवी हळदीवानी पिवळी व्हायलीय." घरातल्या काकूने लगेच विळा चुलीत घातला. डाग दिल्याबिगर कावीळ उतरत न्हाई, म्हणाली. आणि तू मुकाट्याने बाही वर सारतेयस, अजून दिसतं मला.

मी तुला उन्हात नेलं, पापण्या ओढून पाहिल्या. डोळे पांढरेशुभ्र. जेवण नेहमीसारखं, ताप नाही. म्हटलं, "माय, हा गोळीचा रंग हाय. आतड्यातून ती रक्तात जाते, अंगाला पाहिजे तेवढं अंग घेतं. बाकीचं पाण्यात विरघळलेलं असतं, ते मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात. अंग त्याचा फार साठा करत न्हाई, म्हणून रोज घ्यायची."

"मंग औषध वायाच जायलंय की!"

"उरलेलं जायलंय. लागतं तेवढं राहतंय."

काकू तुझ्यावरच उखडली, "पोरीचं ऐकून मरशील." मी तुझ्या पुड्यातली एक गोळी दोघींसमोर गिळली आणि म्हटलं, दिवेलागणीपर्यंत विळ्याला हात लावायचा नाही. उन्हं कलल्यावर परसात गेले, फुटक्या वाडग्यात धरलं आणि काकूसमोर आणून ठेवलं. तिने पदर नाकाला लावून वाकून पाहिलं. "अगं बया, हिलाबी!" तू इतकी हसलीस, की ओठ पुन्हा चिरून रक्त आलं, तरी थांबेनास. काकूने आपल्याच हाताने विळा ओढून पाण्यात घातला.

महिन्याभरात तू ठेचा खायला लागलीस. आज मी बायकांच्या हातात ही गोळी देते तेव्हा रंगाचं आधीच सांगते. कुणी घाबरत नाही.

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, पण एक सांगून ठेवते. ते सगळं मी फक्त पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वाडगं घेऊन परसात जाताना रंग आलाच नाही तर, एवढंच डोक्यात होतं.