मरणाला वन्स मोअर

बाबा, काल मी स्टेजवर एका माणसाला गोळी घातली. हसू नका. इथे आमच्या पिस्कॅटवे गावात हौशी मंडळींनी एक जुना इटालियन ऑपेरा बसवलाय, म्हणजे आपलं संगीत नाटकच, फक्त हे लोक बोलतातही गाऊनच. शेवटच्या अंकात शिपाई कमी पडत होते. ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं आणि मी लगेच जॉइन झाले. एकही ओळ नाही, नुसती बंदूक. तरी आठवडाभर मी लाटणं खांद्याला लावून प्रॅक्टिस करत होते आणि लेक म्हणत होती, "मॉम, प्लीज, स्टॉप."

हा अंक तुम्हाला फार आवडला असता. नायकाला गोळ्या घालायच्या आहेत. काडतुसं खोटी असतील, असा शब्द पोलिसप्रमुखाने नायिकेला दिलाय. म्हणून ती खुशीत त्याला शिकवते, बार झाला की नीट पड, मी सांगेपर्यंत उठू नकोस. मला तर तुम्हीच दिसायला लागलात. आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकांत मरावं तर तुम्हीच. आधी गुडघे, मग खांदा, डोकं सगळ्यात शेवटी, तेही धोतर सावरून. लोक मरणालासुद्धा वन्स मोअर द्यायचे, आणि तुम्ही उठून, धूळ झटकून, पुन्हा मरायचात. त्यात आईचा आवाज सगळ्यांच्या वर. मला लाज वाटायची, नवरा मरतोय आणि ही बाई ओरडतेय काय.

आई सध्या माझ्याकडेच आहे. काल दुपारी पहिल्या रांगेत बसली होती. गोष्ट मी तिला कारमध्ये सांगितली होती, शेवट तेवढा राखून ठेवला. आम्ही बार उडवला आणि तो पडला. काय पडला बाबा, अगदी तुमच्या तोडीचा. आम्ही शिपाई विंगेत गेलो. नायिका त्याला ऊठ म्हणते, पुन्हा ऊठ म्हणते, आणि तिला कळतं की काडतुसं खरीच होती. हॉल चिडीचूप. त्या शांततेत आई उभी राहिली आणि खणखणीत ओरडली, "वन्स मोअर!" सगळे वळून बघायला लागले. मी विंगेत कपाळावर हात मारला, पण बाई थांबते कुठे, परत ओरडली. मेलेला बिचारा हलला नाही. नायिकेने गाणं तसंच पुढे रेटलं, किल्ल्यावरून उडी टाकली आणि पडदा पडला.

घरी ड्राइव्ह करताना मी चिडून म्हटलं, "आई, इथे असं नाही करत." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तो उठून नाही राहिला ना बाई. तुझ्या बाबाले आवाज दिला की ते उठत होते."

इतकी वर्षं मी समजत होते, तिला तुमचं मरणं बघायला आवडायचं.

हे पत्र लॅपटॉपवरच राहील, पाठवणार तरी कुठे. पण एक सांगून टाकते. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं त्या दुपारी आई गप्प बसून होती. तिच्या शेजारी मी होते, आणि तेच दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. लोक काय म्हणतील म्हणून मी ते गिळले.