अख्खं रेकॉर्डिंग

बाबा, तुमच्या त्या टेलिफोनच्या रजिस्टरची आज लई आठवण येऊन राहिली. बाभुळगावच्या कचेरीत तुम्ही फोन ठेवला की लगेच लिहायचे, किती वाजता, कोण बोललं, काय ठरलं. मग त्याच माणसाला परत फोन लावून वाचून दाखवायचे, "असं लिवलं हाय. बराबर ना?" समोरचा वैतागायचा, पण त्याच्याकडून 'हो' म्हणवून घेतल्याशिवाय तुम्ही सही करत नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीत एकदा मला फोन घ्यायला बसवलं, तर मी शहाणी, पलीकडच्या साहेबांची बायको रुसून माहेरी गेली हेसुद्धा लिहून टाकलं. कसे भडकले होते तुम्ही! "कामाचं तेवढं लिहाव. माणसाचं राहू द्याव. तुले कोणी इचारलं होतं?" सरकारी रजिस्टरचं पान फाडता येत नाही, म्हणून त्या ओळीवर आडवी रेघ मारली. मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही.

आता मी जिनिंगच्या गेटवर असते, कापसाच्या गाड्या उतरवून घेते. रजिस्टर कुठलं, मोबाईलवर प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो. मीच तसं लावून ठेवलं होतं, कोणाला न सांगता. दिवाळीनंतर एक गाडी ओल्या कापसाची आली. मी उतरवायला नाही म्हटलं, तेवढ्यात ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला, ती त्या दिवशी रजेवर होती. बोलता बोलता गाडीचं सांगितलं, तर म्हणाली, "घेऊन घे वं. सायबाले मी सांगून देईन." मी घेतला. तिसऱ्या दिवशी कापसाची गंजी आतून तापली, धूर निघाला, आणि सगळे माझ्याकडे बोट दाखवायला लागले. साहेब म्हणाले, तुला कामावरून का काढू नये ते सांग. ती खाली मान घालून पावत्या चाळत राहिली. सात वर्षं आम्ही एकत्र डबा खाल्ला, बाबा. घरी तर मी एकटीच. दिवसात काय ते बोलणं तिच्याशीच.

मी पांढरकवड्याच्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "तुमच्याच फोनवरचं तुमचंच बोलणं आहे, दुसऱ्याचं चोरून ऐकल्यासारखं ते नाही. पण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागते. हा मोबाईल जपा. रेकॉर्डिंगमधलं एक अक्षर कापू नका, कापलं की संशय आला. आणि चारचौघांत वाजवू नका, त्यात दुसऱ्याचंही खासगी राहते." कापू नका, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. पुढचं ऐकलं, पण डोकं फिरलेलं होतं.

चौकशीच्या दिवशी ऑफिसात पंधरा माणसं बसली होती. मी टेबलावर मोबाईल ठेवला आणि पहिल्यापासून लावला. कापसाचं बोलणं नंतरचं. आधी तिचं रडणं. यवतमाळच्या दवाखान्यातून बोलत होती ती. "याही खेपेले पोटातलं राह्यलं नाही वं. कोणाले सांगू नको." हे आधी वाजेल ते मला माहीत होतं, बाबा. तरी माझा हात बंद करायला पुढं झाला नाही, कारण पुढं माझी नोकरी होती.

नोकरी वाचली. साहेबांनी तिलाही काढलं नाही, पण ती आता डबा घेऊन मागच्या शेडमध्ये बसते. मला कोणी फोन करत नाही. काम असलं की गेटपर्यंत चालत येतात आणि म्हणतात, "फोनवर नको बाप्पा!" मी हसते. दुसरं काय करू? घरी गेल्यावर मात्र फार एकटं वाटते.

काल दुपारी माफी मागायला मी तिला फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. तिनं उचलला आणि आधी हेच विचारलं, "हे रेकॉर्ड होऊन राह्यलं का?" मी म्हटलं, "नाही." मग ती म्हणाली, "जेवली का?" मी जेवले म्हटलं, तिनं "बरं" म्हटलं आणि ठेवला. माफीचं राहूनच गेलं. खरं तर हे पत्र तिलाच लिहायला पाहिजे होतं. ती हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहून ठेवते.

रेकॉर्डिंग चालू होतं, बाबा. ती परत कधी बोलेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मीच बंद केलं नव्हतं. सकाळपासून चारदा ऐकलं.